चारित्र्याच्या दाखल्यातली माझी ओळ

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या उपचार केंद्राच्या व्यवस्थापन समितीच्या प्रमुख डॉक्टर जेनेट म्बेयू; आपल्या पोलीस ठाण्याचे प्रमुख इन्स्पेक्टर वान्योनी; व्यासपीठावर शेजारी शेजारी बसलेले आमचे इमामसाहेब आणि पाद्रीबाबा; जिच्या निरोपासाठी आपण जमलो ती म्वानाकोम्बो ओमारी, जिला आपण सगळे बी कोम्बो म्हणतो; केंद्रातल्या परिचारिका, कर्मचारी, मकुंगुनी गावचे लहानथोर; आणि मागे दाराजवळ, खुर्च्या रिकाम्या असूनही उभ्या राहिलेल्या माझ्या बहिणींनो,

मी डन्स्टन चिरो, याच गावच्या ठाण्याचा निवृत्त सार्जंट. मला दहा मिनिटे दिली आहेत. माझ्या वयाच्या माणसाला दहा मिनिटे देणे म्हणजे उदारपणाच, कारण पहिली दोन उभे राहण्यात जातात. मागे ऐकू येते आहे ना? तो पंखा थोडा कमी करता आला तर बघा. आवाज पंख्याचा जास्त आणि माझा कमी, असे व्हायला नको. आज तरी नको.

हे सभागृह आता सिमेंटचे झाले. मी इथे शिकलो तेव्हा माडाच्या झावळ्यांचे छप्पर होते. भरतीची हवा सुटली की झावळ्या वाजायच्या आणि काफुलो गुरुजी खडू खाली ठेवून म्हणायचे, "थांबा, आधी तिला बोलू द्या." बाहेर खोबरे वाळत घातलेले असायचे. तो वास आणि कविता माझ्या डोक्यात इतक्या एकत्र झाल्या आहेत की आजही कुठे खोबऱ्याचा वास आला तर ओठ आपोआप हलू लागतात. गुरुजी स्वतः कविता रचायचे आणि फळ्यावर लिहून आमच्याकडून पाठ करून घ्यायचे. छापून कधी आल्या नाहीत. आता त्या माझ्याबरोबरच जाणार. त्यातल्या दोन ओळी अशा होत्या:

पाणवठ्याहुन येता कोणी मायबहिण ती वाटेने,
वाट सोडुनी उभा रहा तू, झुकल्या खाली मानेने.

आमच्या वर्गात रेहेमा नावाची मुलगी होती. माझ्याच बाकावर बसायची. तिने हात वर केला आणि विचारले, "गुरुजी, आणि घडा जड असेल तर?" वर्ग हसला. गुरुजीही हसले, म्हणाले, "बस खाली." मीही पोट धरून हसलो. पुढच्या वर्षी, चौथीनंतर, मुलींच्या रिवाजाप्रमाणे रेहेमाची शाळा सुटली. माझी सुटली नाही. बी कोम्बो ही त्या रेहेमाची मुलगी.

आठवणींत शिरलो की मला बाहेर यायला वेळ लागतो. कामाचे बोलतो.

थोड्या वेळापूर्वी चिटणीसांनी मानपत्र फार सुंदर वाचले. त्यातली दोन वाक्ये खरी नाहीत. चिटणीसांचा त्यात काही दोष नाही, त्यांना जे सांगितले गेले ते त्यांनी लिहिले. एक वाक्य असे की बी कोम्बो नऊ वर्षांच्या सेवेनंतर 'वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने' केंद्र सोडत आहेत. दुसरे असे की या किनाऱ्यावर स्त्रियांचा मान राखणारा पहिला पोलीस अधिकारी म्हणजे सार्जंट चिरो. दुसरे वाक्य खोटे आहे म्हणून पहिले लिहावे लागले. ते कसे, तेवढेच सांगायला मी उभा आहे. डॉक्टरबाई, आपण मला थांबवणार नाही अशी आशा करतो.

मी ठाण्याचा प्रमुख झालो तेव्हा ठाणे म्हणजे तीन खोल्या, एक कोठडी आणि समोर व्हरांडा. शिपाई सहा, सगळे पुरुष. महिला पोलीस फक्त दर गुरुवारी मालिंदीहून यायची. त्या काळात पीठ नुकतेच गावात शिरले होते. पीठ म्हणजे भाकरीचे नव्हे, नशेचे, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. धक्क्यावर गलबते लागायची, माणसे उतरायची, आणि आमचे शिपाई अंगझडती घ्यायचे. सगळ्यांचीच घ्यायचे. बायकांचीही. कशी घ्यायचे ते मी पाहिले होते, आणि ते पाहून मला खरोखरच लाज वाटली होती. एवढे श्रेय मी स्वतःला देतो. यापुढे द्यायला फारसे काही उरणार नाही.

मी नियम केला. बाईच्या अंगाला पुरुष शिपायाचा हात लागणार नाही. झडती घ्यायची तर गुरुवारी, महिला पोलिसाने. बाकीच्या दिवशी बाईला अडवायचे नाही, ठाण्यात बसवून ठेवायचे नाही, घरी जाऊ द्यायचे. शिपायांना रांगेत उभे करून मी गुरुजींच्या त्या दोन ओळी म्हणून दाखवल्या आणि सांगितले, "बाई समोर आली की मान खाली. समजलं?" ते म्हणाले, "समजलं, आफांदे." आमच्यात साहेबाला आफांदे म्हणतात.

गावाने माझे किती कौतुक केले म्हणून सांगू? मशिदीत माझे नाव निघाले, चर्चमध्येही निघाले. मोम्बासाच्या मोठ्या कार्यालयातून प्रशस्तिपत्र आले. मी ते चौकटीत घालून टेबलामागे लावले. येणारा प्रत्येक जण आधी ते वाचायचा. मी कागद चाळतोय असे दाखवायचो आणि त्याचे वाचून होण्याची वाट पाहायचो.

आता मला सांगा, ज्या गावात पोलीस पुरुषांचे खिसे उलटे करतात आणि बायकांच्या वाटेला जात नाहीत, त्या गावात पुरुष आपल्या खिशातली वस्तू कुठे ठेवतील? हे समजायला फार शिक्षण लागते का?

तीन महिन्यांच्या आत सगळे पुरुष धक्क्यावरून रिकाम्या खिशांनी, शीळ घालत बाहेर पडू लागले. चार पावले मागून बायको. कमरेला लेसोचे कापड गुंडाळलेले, त्याच्या टोकाला गाठ, गाठीत पुडी. झडती द्यायला पुरुष स्वतःच हात वर करून उभे राहायचे. माझा एक शिपाई मला म्हणाला, "आफांदे, गावातले नवरे बायकांना घेऊन फिरायला लागलेत. तुमच्या कारकिर्दीत संसार सुखाचे झाले बघा." मी हसलो. त्याला उमगले होते, मला उमगले होते, आणि मला उमगले आहे हे त्यालाही उमगले होते. तरी आम्ही दोघे हसलो.

महिला पोलीस कायमची मिळावी म्हणून मी अर्ज केला होता का? केला होता. एक. उत्तर आले नाही. दुसरा केला नाही. कारण खरे सांगायचे तर नियमामुळे काम कमी झाले होते आणि मान वाढला होता. अशी सोय कोण मोडतो?

आणि मी म्हणतो आहे की शिपायांचा हात बायकांना लागत नव्हता. दिवसा, व्हरांड्यात लागत नव्हता. पुडी कुणाच्या गाठीत आहे हे ज्यांना ठाऊक होते ते शिपाई नंतर त्या बायकांच्या घरी जाऊन गप्प राहण्याचे काय काय वसूल करत होते, ते पाद्रीबाबा आणि इमामसाहेबांसमोर माझ्या तोंडून निघणार नाही. मला कळले होते, इतकेच सांगतो. मान खाली घालायची सवय मला चांगलीच लागली होती.

बी कोम्बो तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. धक्क्याच्या वळणावर विटुंबुआ तळायच्या. तांदळाचे ते गोड आप्पे रेहेमाच्या हातचे खाल्लेले लोक सांगायचे की मुलगी आईच्या पुढे गेली. मला त्या 'मामा' म्हणायच्या, आणि मी कितीही नको म्हटले तरी पानात दोन जास्त टाकायच्या. त्यांचा नवरा बाकारी. बोलायला गोड. संध्याकाळी व्हरांड्यात माझ्याबरोबर बाओ खेळायचा आणि मुद्दाम हरायचा. मुद्दाम हरतो हे मला पुष्कळ दिवस कळले नाही.

पुढचे जे सांगतो ते बी कोम्बोंनी मला सांगितलेले आहे, आणि इथे सांगायची परवानगीही त्यांनीच दिली आहे. बाकारीने पहिल्यांदा पुडी दिली तेव्हा त्या नाही म्हणाल्या. तो म्हणाला, "अगं, तुला कोण हात लावतंय? चिरोमामा आहेत ना." दुसऱ्यांदा माझे नावही घ्यावे लागले नाही. मग गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात त्यांचे मूल गेले. दुखणे राहिले, झोप गेली. दवाखाना लांब, आणि तिथे गेले तर परिचारिका विचारणार, काय घेतलंस म्हणून मूल गेलं. तेव्हा त्यांनी काहीच घेतले नव्हते. बाकारीने सिगरेटीत चिमूटभर टाकले आणि म्हणाला, "ओढ. सगळं थांबेल." सगळे थांबले. महिन्याभरात विटुंबुआसुद्धा थांबले. त्या वळणावरून मी रोज जात होतो. चूल विझलेली दिसत होती. आज तब्येत बरी नसेल, असे मी रोज मनाशी म्हणायचो.

आणि बाकारीला काय झाले? तो खूश झाला. पुडी वाहणारी बाई आता कुठे जाणार नव्हती. मजुरी म्हणून त्याच पुडीतली चिमूट दिली की भागत होते. असे एकटा बाकारीच वागला असे नाही. मागे उभ्या असलेल्या बहिणींपैकी किती जणी याच वाटेने गेल्या, ते त्यांचे त्यांना ठाऊक. मी नावे घेत नाही. वाट मात्र माझ्या नियमाने तयार झाली होती, हे मी आज मोठ्याने म्हणतो.

आता तो गुरुवार.

मोम्बासाहून मोठे साहेब तपासणीला येणार होते आणि माझ्या डायरीत सात महिन्यांत एकही पुडी नव्हती. प्रशस्तिपत्र भिंतीवर आणि डायरी कोरी. साहेबांनी विचारले असते की तुमच्या गावात पीठ नाही की तुम्हाला डोळे नाहीत. त्या दिवशी महिला पोलीस आली होती, कॉर्पोरल चेप्कोएच, कामाला कडक बाई. मी तिला म्हणालो, "आज धक्क्यावरच्या बायका बघ." सकाळी दहाची वेळ. मी व्हरांड्यात उभा होतो. बाकारी आणि बी कोम्बो धक्क्याकडून येत होते. चेप्कोएच दिसताच बाकारी थबकला. गुरुवार, म्हणून त्या दिवशी पुडी त्याच्याच खिशात होती; ती त्याने काढली, बायकोच्या मुठीत कोंबली आणि तिची मूठ आपल्या हाताने मिटवली. माझ्यापासून दहा पावलांवर. भर उन्हात. मी पाहिले. अध्यक्षा महोदय, मी पाहिले.

चेप्कोएचने मूठ उघडायला लावली. माणसे जमली. बाकारी म्हणाला, "आफांदे, मी हिला हजारदा सांगितलं, सोड म्हणून. ऐकते का? घराची अब्रू घालवली." असे म्हणून त्याने डोळेसुद्धा पुसले.

बी कोम्बोंनी त्याच्याकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले. "मामा, तुम्ही इथेच उभे होतात. तुम्ही पाहिलंत ना त्याने दिलं ते?"

मी म्हणालो, "मी बायकांकडे पाहत नाही."

लोक हसले. कुणीतरी म्हणाले, "वा, आफांदे." ते वाक्य गावभर झाले. पुढे कितीतरी दिवस माझी सभ्यता सांगायची असली की लोक ते वाक्य सांगायचे. तुमच्यातल्या काहींनी ते माझ्यासमोरही सांगितले आहे, आणि मी नम्रपणे हात जोडले आहेत.

मी असे का म्हणालो? वीस-बावीस वर्षे मी याची उत्तरे तयार केली. साहेब येणार होते. बाकारी ओळखीचा होता. कायद्याने वस्तू ज्याच्या हातात तोच धनी. सगळी उत्तरे ठीकठाक आहेत. खरे इतकेच की 'नवऱ्याने दिली' असे लिहिले असते तर वाचणाऱ्याने विचारले असते, का दिली? आणि त्या प्रश्नाचे उत्तर चौकटीत घालून माझ्याच टेबलामागे लावलेले होते.

मी आत गेलो आणि डायरीत लिहिले, 'म्वानाकोम्बो ओमारी, स्त्री, हिच्या ताब्यात मिळून आले.' अक्षर माझे चांगले आहे. काफुलो गुरुजींनी गिरवून घेतलेले. न्यायालयात मॅजिस्ट्रेटनी मला विचारले, "नवरा कुठे होता?" मी शपथेवर सांगितले, "मला दिसला नाही, हुजूर." आठ महिन्यांची शिक्षा झाली. रेहेमा न्यायालयाबाहेर भिंतीला टेकून बसली होती. मी मागच्या दाराने निघालो. मुलगी सुटून येण्याआधी ती गेली. तिच्या दफनाला मी गेलो होतो, आणि माती टाकणाऱ्यांत पुढे होतो. लोकांनी याचेही कौतुक केले.

तुरुंगातून सुटलेल्या बाईला गावात काय मिळते? बाकारीने दुसरी आणली होती. जुन्या खोबऱ्याच्या वखारीत पीठ ओढून जी माणसे पडलेली असायची त्यांत बी कोम्बो गेल्या. आमच्या शिपायांना ठाऊक झाले होते की ही कैदेत जाऊन आलेली, म्हणजे हिच्या तक्रारीला किंमत नाही. ती वर्षे त्यांनी कशी काढली ते त्यांनी मला सांगितले नाही, आणि मी विचारायला नको हे मला कळते. मी निवृत्त झालो. याच सभागृहात माझाही समारंभ झाला होता. शाल मिळाली, घड्याळ मिळाले, मी कविता म्हटली.

मग पीठ सोडवायचे औषध देणारे हे केंद्र आले. सुरुवातीची रांग तुम्हाला आठवत असेल. शंभर पुरुष आणि बायका चार. परिचारिकेसमोर औषधाचा प्याला रोज प्यायचा, म्हणजे रोज त्या रांगेत उभे राहायचे. रांगेत तेच पुरुष, ज्यांनी वखारीत या बायकांचे हाल केले. फाटकाशी पोलीस. कोण बाई येणार? बी कोम्बो आल्या. दोन वर्षे औषध घेतले, सावरल्या, आणि मग केंद्रातच कामाला लागल्या. त्यांनी डॉक्टरबाईंना सांगितले की बायकांची वेळ वेगळी ठेवा. अकरा वाजता, पुरुष गेल्यावर, आणि फाटकातून नव्हे, स्वयंपाकघराच्या दाराने. मुले असतील तर मुलांसकट. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की नियमात बसत नाही. बी कोम्बो म्हणाल्या, "नियमात आम्ही कधी बसलो होतो?" हे डॉक्टरबाईंनीच मला हसत हसत सांगितले आहे. आज अकराच्या वेळेला एकसष्ट बायका येतात. ज्या दिवशी एखादी येत नाही त्या दिवशी दुपारी बी कोम्बो तिच्या घरी जातात. दार उघडले नाही तर उंबऱ्यावर बसून राहतात. सोमवारपासून कोण बसणार?

कारण या वर्षी नवा नियम आला. केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला हवा. नियम वाईट नाही. असल्या नियमांमागे बहुधा कुणाचा तरी चांगला हेतू असतो, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार? बी कोम्बोंनी बोटांचे ठसे दिले. दाखला आला. त्यावर एक ओळ होती. ती माझी ओळ. समितीने सभ्यपणे सुचवले की काढून टाकण्यापेक्षा आपणच सोडलेत तर समारंभ करता येईल. तोच हा समारंभ. ही लेसोंची जोडी, हे मानपत्र, बाहेर चुलीवर ठेवलेला चहा, सगळे त्या ओळीमुळे.

मागच्या आठवड्यात हे मला कळले आणि मी त्यांच्या घरी गेलो. त्या ओसरीवर कांदे चिरत होत्या.

"बसा आफांदे," म्हणाल्या. "स्टूल डगमगतंय, जपून."

मामा म्हणणे बंद होऊन किती वर्षे झाली ते मी तेव्हा मनात मोजले. मी म्हणालो, "कोम्बो, मी वकिलाकडे जाऊन कागद करून देतो. खरं काय ते लिहून. कोणाला कळायची गरज नाही."

"कोणाच्या सोयीसाठी?"

"तुझ्याच. उगाच जुनं उकरून काढायचं."

"जुनं कुठे? परवा तर आलंय, शिक्का ओला होता." त्यांनी सुरी खाली ठेवली. "हे बघा, गुपचूप कागद दिलात तर गाव म्हणेल, बाईने म्हाताऱ्याला काहीतरी पाजलं आणि सही घेतली. माझ्याबद्दलचं असलं काही गावाला लगेच पटतं."

"मग मी काय करू?"

"त्या दिवशी व्हरांड्यासमोर किती माणसं होती?"

"असतील वीस-पंचवीस."

"निदान तेवढ्यांसमोर तरी बोला. शनिवारी मला खुर्ची देणार आहेत म्हणे. तुम्हाला बोलायला लावतीलच, तुम्ही छान बोलता." मग कांद्यांकडे वळून म्हणाल्या, "आणि कविता म्हणू नका."

ती अट मी मोडली, हे आपण पाहिलेच. सवय आहे, दुसरे काय.

मी निघताना विचारले, "कोम्बो, तू मला..." त्या म्हणाल्या, "ते आत्ता विचारू नका. बोलून झाल्यावरही विचारू नका. मला काही घाई नाही."

माझी मुलगी म्हणते, "बाबा, शपथेवर खोटं बोललो म्हणून लिहून द्याल तर पेन्शन जाईल, वर खटला होईल." असेल. बाकारी सहा वर्षांपूर्वी वारला, त्याच पिठाने. म्हणजे आता खरे बोलल्याने त्याचे काही बिघडणार नाही, आणि तो जिवंत असता तर मी आज इथे बोललो असतो का, हे मला सांगता येत नाही. त्याचीही लाज वाटते.

वकीलबाईंकडे सोमवारी प्रतिज्ञापत्र झाले. त्या म्हणतात, वरच्या न्यायालयात अर्ज लागेल, सहा महिने जातील, वर्षही जाईल. एक प्रत त्यांच्याकडे आहे, ही दुसरी. इन्स्पेक्टर वान्योनी, ही मी आपल्या हातात देतो आहे. घ्या, सगळ्यांसमोर घ्या. ती डायरी अजून आपल्या कपाटात आहे, त्या वर्षीची, निळ्या पाठीची. माझी ओळ खोडू नका, खोडता येतही नाही. शेजारी आजची तारीख घालून लिहा की ज्याने हे लिहिले तो सांगतो की त्याने पाहिले होते. परवा सोमवारी आठ वाजता मी ठाण्यावर येतो. मला जे विचारायचे ते विचारा. मी वयाचे कारण सांगणार नाही.

डॉक्टरबाई, आपल्याला हात जोडून एक विचारतो. न्यायालयाचे उत्तर येईपर्यंत बी कोम्बोंना कामावर ठेवता येईल का? आजच्या कार्यवृत्तात या कार्यक्रमाला निरोप असे न लिहिता, समितीसमोर एक नवी गोष्ट आली आणि निर्णय पुढे ढकलला, असे लिहिता येईल का? उत्तर मला नको. त्यांना द्या. तिकडे बसल्या आहेत. आपण सगळे गेला तासभर त्यांच्या गळ्यातल्या हारांकडे बघतो आहोत, आणि त्या मघापासून सरळ माझ्याकडे बघताहेत. मी आज मान वरच ठेवली आहे. फार जड जाते.

दहा मिनिटांची वीस झाली. चहा गार झाला असेल. आपण मला बोलू दिलेत, मध्ये कुणी उठून गेले नाही, याबद्दल अध्यक्षांचे, व्यासपीठाचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मानपान राहिला असेल, एखादे नाव मागेपुढे झाले असेल, तर तेवढे म्हाताऱ्याला माफ करा. बाकीचे आपल्यापैकी कुणीही माफ करू नये. त्याचा अधिकार या सभागृहात एकाच व्यक्तीला आहे, आणि तिला घाई नाही.